शाळेची फी आणि शाळेचा खर्च

भगिनींनो, यंदाच्या स्मरणिकेसाठी एखादा ऐतिहासिक लेख द्यावा, असा चिटणीसबाईंचा निरोप आला. किल्ले, लढाया आणि राजघराणी ह्यांवर लिहिणाऱ्या लेखण्या आपल्याकडे पुष्कळ आहेत. माझा जन्म खडूच्या धुळीत गेला. तेव्हा मला लिहिता येईल तो इतिहास शाळेचाच. सामान्य घरच्या मुलामुलींना शाळेचे आणि पुढे कॉलेजचे दार उघडे व्हावे म्हणून आपल्या देशाच्या सरकारने काय काय केले, ते येथे सांगावयाचे योजिले आहे. मात्र हा इतिहास मी घरखर्चाची वही लिहिणाऱ्या बाईच्या नजरेने वाचला आहे, हे आधीच सांगून ठेवते. त्या वहीत ‘फी’ ही एक ओळ असते आणि तिच्याखाली आणखी सात-आठ ओळी असतात. सरकारला पहिली ओळ लवकर दिसली. खालच्या ओळी दिसावयास फार वर्षे लागली.

सुरुवात सरकारपासून नव्हे, तर सरकारला जाब विचारणाऱ्यांपासूनच करावी लागते. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे जोतीराव फुले ह्यांनी निवेदन दिले. सारा भरतो शेतकरी आणि त्या पैशावर शिकतात वरच्या वर्गातली मुले, असे त्यांनी कमिशनला स्पष्ट सुनावले आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. इंग्रज सरकारने ती मनावर घेतली नाही. सयाजीराव महाराजांनी मात्र बडोदे संस्थानात १८९३ साली अमरेली तालुक्यापुरती आणि १९०६ साली सर्व संस्थानात सक्ती आणून दाखविली. एक संस्थानिक जे करू शकतो ते हिंदुस्थान सरकारला का जमू नये, हा प्रश्न मग गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी मोठ्या लाटसाहेबांच्या कायदेमंडळात उभा केला.

गोखल्यांचे १९११ चे विधेयक किती सोशिक होते ते पाहिले म्हणजे आज नवल वाटते. जेथे मुले आधीच बऱ्यापैकी शाळेत जात असतील तेथेच सक्ती करावी, तीही नगरपालिकेने वा लोकल बोर्डाने मागितली तर. खर्चाचा एक हिस्सा त्यांनी सोसावा, दोन हिस्से सरकारने. आणि ज्या बापाची महिन्याची प्राप्ती दहा रुपयांहून कमी त्याच्याकडून फी घेऊ नये. सक्ती आधी मुलांना; मुलींना मागाहून. (हे ‘मागाहून’ आपल्या वाट्याला पुढेही पुष्कळदा आले.) इतके जपून मांडलेले विधेयकसुद्धा १९ मार्च १९१२ रोजी १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. पैसा कोठून आणावयाचा, हे तेव्हाच्या सरकारचे मुख्य उत्तर. पुढच्या शंभर वर्षांत खुर्चीवर बसणारे बदलले, पण हे उत्तर फारसे बदलले नाही. त्यानंतर १९१७ मध्ये कोल्हापुरास शाहू महाराजांनी सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, आणि १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल ह्यांच्या खटपटीने मुंबई इलाख्यात नगरपालिकांना सक्ती करण्याची मुभा देणारा कायदा झाला.

स्वातंत्र्य जवळ आले तेव्हा सरकारचे शिक्षण-सल्लागार सार्जंट ह्यांनी १९४४ साली एक योजना मांडली. सहा ते चौदा वर्षांच्या सर्व मुलांना मोफत शिक्षण मिळावयास तिच्या हिशेबाने चाळीस वर्षे लागणार होती. आपल्या लोकांना तो धीमेपणा सोसवला नाही. बाळासाहेब खेर ह्यांच्या समितीने मुदत सोळा वर्षांवर आणली, आणि घटनाकारांनी तर ४५ व्या कलमात दहाच वर्षे लिहिली. म्हणजे १९६० पर्यंत देशातले प्रत्येक मूल चौदा वर्षांचे होईपर्यंत शाळेत असावयाचे होते. त्या वेळी आपण कोठे होतो? १९५१ च्या शिरगणतीत शंभर स्त्रियांत नऊसुद्धा साक्षर नव्हत्या. १९६० आले आणि गेले. घटनाकारांना मी हसत नाही. अमुक दिवसांत वाळवणे उरकायची असे ठरविल्यावाचून ती पावसाआधी उरकतच नाहीत, हे आपणांस ठाऊक आहे.

त्या काळातील एका बाईंविषयी मात्र दोन शब्द अधिक लिहिल्यावाचून मला राहवत नाही. दुर्गाबाई देशमुख. आपल्या रायगडकडच्या चिंतामणराव देशमुखांशी त्यांचा १९५३ साली विवाह झाला, म्हणून आपण त्यांना सूनबाईच म्हणू. पण त्यांची कीर्ती त्याआधीची. बालपणीच लग्न लावून दिलेल्या ह्या आंध्रकन्येने ते लग्न मोडले, स्वतः शिकल्या, आणि परीक्षेस बसू इच्छिणाऱ्या मुलींना शिकविता शिकविता आंध्र महिला सभा उभी केली. १९५८ मध्ये केंद्र सरकारने स्त्रीशिक्षणासाठी राष्ट्रीय समिती नेमली, तिच्या त्या अध्यक्षा होत्या. आणि त्याच सुमारास यजमान विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष! एका घरात शाळेचाही विचार आणि कॉलेजचाही. मुलींचे शिक्षण हा स्वतंत्र प्रश्न समजून त्यासाठी वेगळा पैसा व वेगळी यंत्रणा हवी, असे ह्या समितीने सांगितले.

आपल्यासारख्या मंडळांशी ह्या इतिहासाचा धागा येथेच जुळतो. दुर्गाबाई केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या अध्यक्षा असताना १९५८ मध्ये शाळा अर्धवट सुटलेल्या प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम निघाले. सरकारने अनुदान द्यावयाचे आणि वर्ग चालवावयाचे ते महिला संस्थांनी. विधवा, टाकलेल्या, लवकर लग्न झालेल्या अशा कितीतरी जणी दोन वर्षांत परीक्षा देऊन शिक्षिका, परिचारिका, ग्रामसेविका झाल्या. त्या काळच्या योजनांत मला ही सर्वांत शहाणी वाटते. कारण बाई शाळेत परत येत नाही ती केवळ फीमुळे नव्हे, हे तिने ओळखले होते. ते केंद्रीय मंडळ २०२२ मध्ये बंद झाले.

आता कोठारी आयोगाकडे वळते. १४ जुलै १९६४ रोजी नेमलेल्या ह्या आयोगाचे अध्यक्ष दौलतसिंह कोठारी, आणि सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक, कोल्हापूर जिल्ह्यातील आजऱ्याकडचे. १९६६ च्या जूनअखेर अहवाल सादर झाला. राष्ट्रीय उत्पन्नाचा शेकडा सहा हिस्सा शिक्षणावर खर्चावा, ही त्यातील शिफारस सगळ्यांना पाठ आहे. १९६८ च्या धोरणात ती आली, १९८६ च्या धोरणात आली, २०२० च्या धोरणातही आली. गाठली मात्र अजून नाही. परंतु माझे लक्ष त्याच अहवालातील एका कमी गाजलेल्या भागाने वेधून घेतले. फी माफ करून भागत नाही, पुस्तके, वह्या, साहित्य ह्यांवर आईबापांना पदरचे जे खर्चावे लागते ते फार वाढले आहे आणि ते कमीत कमी केले पाहिजे, असे आयोगाने तेथे म्हटले आहे. प्राथमिक शाळेत पुस्तके फुकट द्या, आणि माध्यमिक शाळांत व कॉलेजांत पुस्तकपेढ्या काढा, असा उपायही सुचविला आहे. घरखर्चाच्या वहीतल्या खालच्या ओळी सरकारी कागदावर इतक्या ठसठशीतपणे मला प्रथम दिसल्या त्या येथे.

आपल्या मंडळाच्या कपाटात पुस्तकपेढीचे जे गठ्ठे आहेत, त्यांचा वंशवृक्ष असा दिल्लीपर्यंत पोहोचतो. म्हणूनच गेल्या वार्षिक सभेत काही भगिनींनी जो प्रश्न काढला, तो मला नुसता हिशेबाचा वाटला नाही. ‘सरकार आता मुलींना सारेच फुकट देते. आपल्या विद्यार्थिनी-साहाय्य निधीतून गेल्या वर्षी एक पैही उचलली गेली नाही. मग तो मोडून सभागृहाच्या पंख्यांना का लावू नये?’ असा तो प्रश्न. उत्तर द्यावयाचे तर सरकार काय फुकट देते आणि काय देत नाही, हे आधी नीट पाहिले पाहिजे.

शाळेपुरते बोलायचे तर दिल्लीचा हात १९७६ पर्यंत जरा आखडलेलाच होता. शिक्षण हा राज्यांचा विषय. त्या वर्षी बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो केंद्र व राज्य दोघांचा झाला. १९८६ चे धोरण आले आणि पाठोपाठ १९८७ मध्ये खडू-फळा मोहीम. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, निदान दोन शिक्षक, त्यांतली शक्यतो एक बाई, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, शिवाय नकाशे, खेळणी आणि विज्ञानाची पेटी. मी तेव्हा एका दोनशिक्षकी शाळेत होते. साहित्य आले त्या दिवशी मुले बैलगाडीमागे धावत आली. परंतु काही मोडले तर पगारातून भरावे लागेल अशी धास्ती वरच्यांनी घालून ठेवलेली, म्हणून मुख्याध्यापकांनी सारे कपाटात घालून कुलूप लावले. तपासणीच्या दिवशी ते बाहेर निघे. तरीही त्या मोहिमेला मी नावे ठेवणार नाही. दुसरी खोली आली आणि पहिली ते चौथीचा एकत्र कालवा थांबला. शाळेत बाई आहे म्हटल्यावर ज्या घरांतून मुली येत नसत त्या येऊ लागल्या.

मुलींच्या बाबतीत आणखी एक खर्च असतो, तो कोणत्याच पावतीवर दिसत नाही. मुलगी शाळेत गेली की धाकट्याला कोण सांभाळणार, पाणी कोण भरणार, शेळी कोण राखणार? तिच्या हातांची ही मजुरी घर गमावते. आपल्या महाराष्ट्र सरकारने १९९२ मध्ये दारिद्र्यरेषेखालच्या मागास घरांतील प्राथमिक शाळेच्या मुलींना हजेरीच्या प्रत्येक दिवसामागे एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला, तो ह्याच विचाराने. विचार चोख होता. पण महागाई वाढत गेली आणि तो रुपया वर्षानुवर्षे रुपयाच राहिला.

त्याहून मोठे काम अन्नाने केले. तामिळनाडूत कामराज ह्यांनी १९५६ मध्येच शाळेत जेवण सुरू केले होते. केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ ला आली. आरंभी महिन्याला तीन किलो धान्य घरी नेण्यास मिळे. मग २८ नोव्हेंबर २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने शिजविलेले अन्न देणे भाग पडले. शाळेत खिचडीचा वास सुटू लागला, आणि दुपारच्या सुट्टीत घरी गेलेली मुले परत न येण्याचा जो जुना रोग, तो पुष्कळ हटला. मी हे पुस्तकातून नव्हे, हजेरीपटातून सांगते आहे. ती खिचडी शिजवितात त्या बहुधा बचत गटांतील आपल्याच भगिनी. त्यांच्या तुटपुंज्या मानधनावर एक निराळा लेख होईल.

पुढे सर्व शिक्षा अभियान आले. २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला, २००४ पासून करांवर शेकडा दोन शिक्षण-अधिभार बसला, २००९ मध्ये हक्काचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. गोखल्यांचे विधेयक पडल्याला तेव्हा अठ्ठ्याण्णव वर्षे झाली होती. ह्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात तीन शब्द एकापुढे एक आले आहेत: फी, आकार आणि खर्च. ज्यामुळे मुलाला शिक्षण पुरे करता येणार नाही असे ह्यांपैकी काहीही त्याच्याकडून घेऊ नये. कोठारी आयोगाने सांगितलेले ‘पदरचे’ असे कायद्यात आले, पण आठवीपर्यंतच. खाजगी शाळांतील शेकडा पंचवीस जागांवर गरीब घरची मुले जाऊ लागली, हेही ह्याच कायद्याने. आपल्या गल्लीतील एकीचा नातू असाच एका चांगल्या शाळेत लागला. फी शून्य; परंतु गणवेश दोन प्रकारचे, बूट दोन प्रकारचे, सहल, स्नेहसंमेलन आणि रिक्षा हे सारे धरून त्या माउलीने आकडा सांगितला तेव्हा मी चाट पडले.

कॉलेजचा इतिहास ह्याहून अवघड. तेथे फीच मुळी मोठी. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांच्या पाठपुराव्याने १९४४ मध्ये दलित विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, ती आजतागायत चालू आहे. फीबरोबर निर्वाहभत्ताही देणारी ही शिष्यवृत्ती. बाबासाहेबांनी स्वतः विद्यार्थिदशेतली उपासमार पाहिली होती, त्यांना खालच्या ओळी कोणी शिकवावयास नको होत्या. आपल्याकडे १९५९ मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत आर्थिकदृष्ट्या मागासांना फी-सवलत मिळाली; ‘ई. बी. सी.’ ही तीन अक्षरे आपल्या थोरल्या भावंडांच्या तोंडी असत. १९६३ मध्ये केंद्राने बिनव्याजी कर्जशिष्यवृत्ती काढली. तिच्यात एक गोड कलम होते. कर्ज घेणारा पुढे शिक्षक झाला तर नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे कर्जाचा दहावा हिस्सा माफ! वसुली मात्र नीट होईना, आणि १९९१ मध्ये ती योजना गुंडाळली गेली.

तोवर जग बदलले होते. १९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजे निघाली. जागा वाढल्या, ही खरी गोष्ट. पूर्वी ज्यांना दारातूनच परतावे लागे त्यांची मुले इंजिनिअर झाली. पण ‘डोनेशन’ हा शब्दही त्याच वाटेने घरोघर आला. १९८७ मध्ये राज्याला त्याविरुद्ध कायदा करावा लागला, आणि १९९२-९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाही त्यात पडावे लागले. सरकारी कर्जाची जागा २००१ पासून बँकांच्या शैक्षणिक कर्जाने घेतली. चार लाखांपर्यंत तारण नको, असा नियम. २००९ पासून साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांसाठी शिक्षणकाळातील व्याज केंद्र भरू लागले. २०२४ च्या नोव्हेंबरात पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना मंजूर झाली. निवडक नामांकित संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना विनातारण कर्ज, आणि आठ लाखांच्या आतील उत्पन्नाच्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजात शेकडा तीनची सूट. ह्यात काही सोय आहे, मी नाकारीत नाही. पण कर्ज ते कर्जच. मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज काढताना बाप जितका विचार करतो, त्याच्या दुप्पट विचार तो मुलीसाठी करतो. ‘फेडणार कोण, आपण की तिच्या सासरचे?’ हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकले आहे.

म्हणूनच राज्य सरकारचा जुलै २०२४ चा निर्णय मला महत्त्वाचा वाटतो. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी व परीक्षा फी पूर्ण माफ. आधी ती निम्मी माफ होती. २०२१-२२ च्या केंद्रीय पाहणीत उच्च शिक्षणातील मुलींचे प्रमाण मुलांच्या बरोबरीस, किंचित पुढेच गेलेले दिसले होते. १९५१ ची शिरगणती आठवली म्हणजे ही मजल लहान नव्हे.

आता आपल्या निधीचा प्रश्न. निधीतून गेल्या वर्षी पैसे उचलले गेले नाहीत, हे खरे. का, ते मी दप्तर काढून पाहिले. आपल्या नियमांतील चौथा नियम म्हणतो की, फीची पावती दाखविल्यावाचून मदत देऊ नये. नियम झाला तेव्हा तो रास्त होता. पण फीच माफ झाली तर पावती कोठून येणार? गेल्या वर्षी तीन अर्ज आले होते, तिन्ही ह्याच नियमावर बोट ठेवून परत गेले. पहिला, वसतिगृहाची अनामत आणि खाणावळीचा पहिला महिना. सरकारी भत्ता मंजूर होता, पण हाती पडावयाचा होता दिवाळीनंतर. दुसरा, इंजिनिअरिंगच्या चित्रकलेचे साहित्य आणि गणकयंत्र. तिसरा नववीतील मुलीचा. एस. टी.चा मोफत पास तिला आहे, पण तिच्या वाडीपासून थांबा चार किलोमीटर, आणि तिच्या वडिलांनी मागितली होती जुनी सायकल. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकली दिल्या आणि शाळांतील मुली वाढल्या, ही गोष्ट आता देशभर सांगितली जाते. आपल्याकडे सायकलीची पावती ‘फीची पावती’ ठरत नाही.

तेव्हा माझी सूचना एवढीच की, चौथ्या नियमातील ‘फीची पावती’ हे शब्द काढून तेथे ‘शिक्षणाच्या खर्चाचा पुरावा’ असे घालावे, आणि आठवीच्या पुढच्या मुलींना आधी विचारात घ्यावे. दुरुस्तीचा मसुदा चिटणीसबाईंकडे दिला आहे. त्या तीन अर्जांच्या नकला पुस्तकपेढीच्या वरच्या कप्प्यात ठेवल्या आहेत. सभेपूर्वी ज्यांना पाहावयाच्या असतील त्यांनी कपाटाची किल्ली खजिनदारबाईंकडून मागून घ्यावी. सायकलीचा अर्ज सर्वांत वर आहे.